बुधवारच्या रक्ताची तयारी

अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, डायलिसिस सोमवार-बुधवार-शुक्रवार. दर महिन्याच्या तपासणीचं रक्त पूर्वी जमेल त्या दिवशी जायचं. आता आम्ही बुधवारच धरतो. शनिवार-रविवारच्या खाड्यानंतर सोमवारी अंगात पाणी आणि पोटॅशियम दोन्ही जास्त साचलेलं असतं. तो आकडा मागच्या महिन्यातल्या शुक्रवारच्या आकड्याशी लावून काय कळणार? मंगळ-गुरु-शनिवाल्यांनी गुरुवार धरावा.

आदल्या रात्री फाइल काढा आणि सगळ्यात वर ट्रोपोनिनचा जुना रिपोर्ट ठेवा. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात वाढतं, पण डायलिसिसच्या बऱ्याच रुग्णांत ते झटका आलेला नसतानाही वाढलेलंच असतं. तसं कायम वाढलेलं असणंही हृदयाचा धोका दाखवतंच. म्हणून माणूस धडधाकट वाटत असतानाचा एक आकडा हाताशी हवा. आमच्याकडे नव्हता. एकदा रात्री अकराला अण्णांना दम लागला, जवळच्या इस्पितळात नेलं, ट्रोपोनिन चढलेलं आलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "एरवी किती असतं?" मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. तीन तासांनी पुन्हा रक्त घेतलं तर आकडा जवळपास तिथेच. झटक्यात तो चढत किंवा उतरत जातो. इथे पाणी साठलं होतं. सकाळी डायलिसिस झालं आणि अण्णांनी चहा मागितला.

तेव्हापासून आकड्याशेजारी तारीख, लॅब, एकक आणि ट्रोपोनिन 'टी' की 'आय' (त्याचे दोन प्रकार), एवढं लिहून ठेवते. 'टी'ची तुलना 'आय'शी होत नाही. रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्येही ठेवा, कारण छातीत दुखलं किंवा दरदरून घाम फुटला तर फाइल शोधत बसायचं नसतं.

एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) करायचं असेल तर शेजारी त्या दिवशीचं वजन लिहा. मूत्रपिंडं चालत नसल्याने ते हजारांत दिसतं आणि पाण्याबरोबर हलतं.

गोळ्यांची यादी करताना केसा-नखांसाठी घेतलेल्या गोळ्या विसरू नका. त्यांत बायोटिन असतं. त्याने काही यंत्रांवर ट्रोपोनिन आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) खोटं कमी दिसू शकतं. किती दिवस थांबवायचं ते डॉक्टरांना विचारा. फॉस्फरस कमी ठेवणारी जेवणाबरोबरची गोळी मात्र चालूच ठेवा. अण्णा दोन दिवस आधीपासून फॉस्फरस असणारं दूध आणि शेंगदाणे सोडायचे, परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करावा तसे! रिपोर्ट छान यायचा. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम बसतं ते महिनाभराच्या फॉस्फरसने, त्याला दोन दिवसांच्या पथ्याशी काय देणंघेणं.

सर्दी, दुखरी दाढ, कॅथेटरच्या (डायलिसिसच्या नळीच्या) जागी लाली, काहीही असेल तर रक्ताआधी सांगा, नाहीतर सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारा आकडा, का वाढला हे शोधण्यात आठवडा जातो. सीआरपी वर आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) खाली अशी जोडी दिसली, की आमचे डॉक्टर आधी जेवणाची चौकशी करतात.

कोलेस्टेरॉल कमी आलं म्हणून पेढे वाटू नका. डायलिसिसवर ते कित्येकदा कुपोषणाने आणि अंगातल्या दाहाने कमी होतं. 2005 चा '4डी' आणि 2009 चा 'ऑरोरा' या दोन मोठ्या अभ्यासांत डायलिसिसवर नव्याने स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सुरू करून हृदयासाठी म्हणावा तसा फायदा दिसला नाही. आधीपासून चालू असेल ती गोळी सहसा चालूच ठेवतात. आपल्या मनाने बंद करू नये.

सकाळी युनिटमध्ये सुया लागल्या की सिस्टरना आठवण करा: रक्त आधी, सलाइन आणि हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) नंतर. बाहेरच्या लॅबचा माणूस घरी येणार असेल तर फिस्चुलाचा (डायलिसिससाठी जोडून घेतलेल्या शिरेचा) हात शालीखाली झाकून बसवा. दुसऱ्या हाताच्या मागची शीर द्या. रक्त जोरात ओढलं की पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढतं, तेव्हा घाई करणाऱ्याला थांबवा.

आणि नळीवरचं पूर्ण नाव वाचून घ्या. आमच्या शिफ्टला एकाच आडनावाचे दोघे आहेत, आणि दोघांनाही सगळे अण्णाच म्हणतात.