धान्यपिकांत आणि कुरणात रुंद पानांच्या तणांसाठी निवडक तणनाशक कसे वापरावे

तणनाशक म्हटले की सगळे आधी मात्रा विचारतात. मात्रा महत्त्वाची आहेच, पण फवारणी जास्त करून वाया जाते ती वेळ चुकल्याने, असे माझे ठाम मत आहे.

२,४-डी, एमसीपीए, डायकांबा ही औषधे झाडातल्या ऑक्झिन या संजीवकासारखी (वाढीचे नियंत्रण करणाऱ्या द्रव्यासारखी) वागतात. रुंद पानांच्या तणात ती भिनली की देठ पिळवटतात, वाढ बेताल होते आणि तण मरते. गहू, बार्ली, गवत ही झाडे औषध लवकर निकामी करतात, शिवाय त्यांचा वाढीचा कोंब पानांच्या गुंडाळीत झाकलेला असतो. मात्र ही सहनशक्ती ठरावीक अवस्थेतच टिकते.

म्हणून फवारणीआधी शेतात उतरा आणि पाच-सहा ठिकाणची रोपे उपटून पाहा. पिकाला फुटवे आलेले हवेत. मुख्य फुटव्याची बाहेरची पाने सोलून बुंधा बोटांनी चाचपा. कांड्याची गाठ हाताला लागली तर या संजीवकी औषधांची वेळ गेली, असे समजा. फार लवकर फवारले तर पाने कांद्याच्या पातीसारखी नळीदार होतात आणि ओंब्या वेड्यावाकड्या निघतात. उशिरा फवारले तर दाणे कमी भरतात. तणे मात्र लहानच हवीत, दोन ते चार पानांची. चाकवत एकदा गुडघ्याएवढा झाला की तो वाकतो, पिवळा पडतो आणि पुन्हा उभा राहतो.

तण ओळखल्याशिवाय औषध घेऊ नका. मेटसल्फ्युरॉन-मिथाइल हे सल्फोनिलयुरिया गटातले तणनाशक हेक्टरी काही ग्रॅमच लागते, त्यामुळे वजनातली किरकोळ चूकही भोवते. चुनखडीच्या जमिनीत ते जास्त काळ टिकते आणि पुढच्या संवेदनशील पिकाला इजा करते. पिकात क्लोव्हर (चाऱ्याची रुंद पानांची शेंगवर्गीय वनस्पती) किंवा कडधान्य मिसळून पेरले असेल, तर लेबलवर तशी परवानगी असेल तरच फवारा.

आता पंपाचे माप. या कामाचा मला सर्वांत जास्त आग्रह आहे. १० बाय १० मीटरचा तुकडा आखा, पंपात मोजून साधे पाणी भरा आणि नेहमीच्या चालीने तो तुकडा फवारा. समजा ३.५ लिटर पाणी लागले, तर हेक्टरी ३५० लिटर झाले. लेबलवर हेक्टरी १ लिटर औषध सांगितले असेल, तर १५ लिटरच्या पंपाला साधारण ४३ मिली पडेल. झाकणाने अंदाजे ओतू नका, मोजपात्र वापरा. नोझल पंख्यासारखा सपाट फवारा देणारे घ्या आणि दाब कमी ठेवा, म्हणजे थेंब जाड पडतात.

हातमोजे, चष्मा, पूर्ण कपडे घाला. वारा मंद असावा, पण संध्याकाळी हवा अगदी स्तब्ध असतानाही फवारू नका. तेव्हा बारीक तुषार जमिनीलगत तरंगत दूर जातात. टोमॅटो, द्राक्ष, कापूस यांना २,४-डीचा जरासा स्पर्शही झाला की पाने आक्रसतात. शेजारी असे पीक असेल तर २,४-डीचा एस्टर प्रकार टाळा, कारण त्याची वाफ होऊन ती पसरते. त्याच औषधाचा अमाइन क्षार हा प्रकार त्या मानाने बरा. फवारणीनंतर किती तास पाऊस नको, हे लेबलवर दिलेले असते.

कुरणात डॉकसारखी बहुवर्षायू तणे भरपूर ताजी पाने असताना, फुलांचा दांडा येण्याआधी मारा. तेव्हा औषध मुळापर्यंत उतरते. बहुतेक औषधे क्लोव्हरही मारतात, हे आधीच लक्षात घ्या. जनावरे किती दिवस दूर ठेवायची तो काळ काटेकोर पाळा. रॅगवर्ट असेल तर अधिक सावध राहा, कारण फवारल्यावर हे विषारी तण जनावरांना रुचकर लागू लागते, आणि त्याचे विष सुकल्यावरही जात नाही. ते पूर्ण कुजेपर्यंत किंवा काढून टाकेपर्यंत चराई बंद ठेवा.

दरवर्षी एकाच गटाचे औषध वापरू नका. शेतात उगवणाऱ्या पॉपीसारखी (खसखशीच्या कुळातली) तणे काही ठिकाणी २,४-डी आणि सल्फोनिलयुरिया या दोन्ही गटांना दाद देत नाहीत. फवारणीनंतर वाचलेली तणे बी धरण्याआधी हाताने उपटा.

पंप, नळी आणि जाळी तीनदा धुवा. धुण्याचे पाणी फवारलेल्याच शेतात सोडा, ओढ्यात नको. शक्य असल्यास तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. अमिनोपायरॅलिड हे तणनाशक फवारलेल्या कुरणाचा चारा खाल्लेल्या जनावरांचे शेण टोमॅटो, बटाटा किंवा शेंगांच्या पिकाला घालू नका. ते औषध शेणातही टिकते.