केवडा, भुरी आणि प्रोटिस्टांचे वर्गीकरण

आमच्या घरची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे आणि प्रोटिस्टांच्या, म्हणजे प्राणी, वनस्पती आणि बुरशी यांत न बसणाऱ्या, बहुतेक एकपेशीय जीवांच्या, वर्गीकरणाचे महत्त्व मला प्रथम त्या बागेत कळले. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना ऑक्टोबर छाटणीनंतरही पाऊस थांबला नाही आणि पानांच्या खालच्या बाजूला पांढरी वाढ दिसू लागली. भुरी या वेलीच्या रोगावर दरवर्षी लागू पडणारे ट्रायझोल गटातील औषध वडिलांनी दोनदा फवारले, तरी कोवळे घड वाळतच गेले. तो केवडा नावाचा दुसराच रोग होता. बागायतदार त्याला डाऊनी म्हणतात. भुरी आणि केवडा या दोन्ही बुरशी आहेत, असे वडील मानत होते आणि मीही मानत होतो, कारण माझ्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात केवड्याचे नातलग कवकांच्याच (बुरशींच्याच) प्रकरणात दिलेले होते.

ट्रायझोल औषधे एर्गोस्टेरॉलसारखी स्टेरॉल नावाची स्निग्ध द्रव्ये तयार होण्याची क्रिया रोखतात. भुरीची बुरशी आपल्या पेशीपटलासाठी अशी द्रव्ये तयार करते. केवड्याचा जीव ती तयारच करत नाही, म्हणून औषधाला रोखण्यासारखे तेथे काही नसते. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, तर केवडा ज्या ऊमायसीट गटात मोडतो त्या गटाच्या भित्तिकेत सेल्युलोज असते. ओल्या पानावर या जीवाच्या बीजाणुधानीतून (बीजाणूंच्या पिशवीतून) दोन कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचे चाबकासारखे धागे, असलेले चलबीजाणू बाहेर पडतात आणि त्यांपैकी एका कशाभिकेवर नळीसारखे सूक्ष्म केस असतात. समुद्रातील केल्प या मोठ्या तपकिरी शैवालाच्या पुंयुग्मकांतही (नर प्रजननपेशींतही) अशीच केसाळ कशाभिका आढळते. त्यामुळे केवडा, केल्प आणि डायॅटम (काचेसारखे कवच असलेले एकपेशीय शैवाल) हे स्ट्रॅमेनोपाइल या एकाच शाखेचे सदस्य ठरतात, तर भुरीची बुरशी प्राण्यांसह ऑपिस्थोकोंटा शाखेत येते. म्हणजे एकाच वेलीवरच्या या दोन रोगकारकांपैकी भुरीचे नाते केवड्यापेक्षा आपल्याशी अधिक जवळचे आहे.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे, की प्रोटिस्ट हा एका पूर्वजापासून निघालेला गट समजून अभ्यासाला बसू नये. जीवशास्त्रज्ञ हेकेल यांनी 1866 मध्ये प्रोटिस्टा ही सृष्टी, म्हणजे सजीवांचा एक सर्वांत मोठा विभाग, मांडली. व्हिटेकर यांच्या 1969 च्या पंचसृष्टी पद्धतीत तिच्यात मुख्यतः एकपेशीय दृश्यकेंद्रकी (पेशीत स्पष्ट केंद्रक असलेले) जीव आले, पण ऊमायसीट त्यांनी कवकांतच ठेवले होते. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आदिजीवांचे (प्रोटोझोआंचे) 1980 चे सात संघांचे वर्गीकरण भेटते, तर संशोधनपर लेखांत 2005, 2012 आणि 2019 मध्ये सुधारत गेलेली शाखांवर आधारलेली मांडणी दिसते. परीक्षेच्या उत्तरात अभ्यासक्रमातील पद्धतच लिहावी, मात्र कोणत्या वर्षाची आणि कोणाची, हे पहिल्याच वाक्यात नोंदवावे. माझा बराचसा गोंधळ तीन काळांतील तक्ते एकाच वहीत सरमिसळ करून लिहिल्यामुळे झाला होता.

दुसरे असे, की बाह्य रूपावर विसंबू नये. अमीबासारखे छद्मपाद (पेशीचे तात्पुरते पायासारखे फुगवटे) एकमेकांशी दूरचे नाते असलेल्या शाखांत आढळतात. युग्लीना ही एकपेशीय जीव हिरवी असली तरी तिचे हरितलवक गिळलेल्या हिरव्या शैवालापासून आलेले आहे आणि तिचे खरे नातलग काळा आजार घडवणाऱ्या लीशमॅनियासारखे परजीवी आहेत. हिवतापाच्या प्लाझमोडियमचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. माणसाच्या रक्तपेशीत राहणाऱ्या या परजीवीमध्ये एपिकोप्लास्ट नावाचे, चार पटलांनी वेढलेले अंगक (पेशीतील छोटा भाग) असते. ते लाल शैवालापासून आलेल्या लवकाचा अवशेष आहे. त्यात प्रकाशसंश्लेषण होत नाही, पण त्याच्यावाचून परजीवी जगू शकत नाही. डॉक्सीसायक्लीन हे जीवाणूंवरचे औषध हिवतापाविरुद्ध उपयोगी पडते ते याच अंगकातील प्रथिननिर्मिती थांबवून. जुन्या तक्त्यात प्लाझमोडियमच्या गटाला दिलेला ‘स्पोरोझोआ’ हा शब्द यातले काहीच सांगत नाही, तर पॅरामेशियम आणि डायनोफ्लॅजेलेट यांना प्लाझमोडियमसोबत ठेवणारे अल्व्हिओलाटा हे नाव निदान नात्याची दिशा दाखवते.

प्रयोगशाळेच्या कामाला मोठ्या साधनांची गरज नाही. वाळलेले गवत तळ्याच्या पाण्यात घालून ठेवले की काही दिवसांत कशाभिकी आणि पक्ष्माभिकी (अंगावर बारीक केस असलेले, पॅरामेशियमसारखे) जीव वाढतात. काचपट्टीवर कापसाचे चार तंतू ठेवल्यास पॅरामेशियमचा वेग आवरतो. नदीतल्या दगडावरचा तपकिरी थर जुन्या टूथब्रशने खरवडल्यास डायॅटम हमखास मिळतात. चित्र काढण्याआधी नाव शोधू नये. कशाभिका किती, कोठून निघतात आणि लवकाचा रंग कोणता, हे आधी लिहावे.

केवडा लागलेले पान मिळाले, तर खालची पांढरी वाढ ब्रशने थंड पाण्याच्या थेंबात उतरवावी, थेंब सुकू न देता थोड्या थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहावे. बीजाणुधानी ताज्या असतील, तर त्यांतून चलबीजाणू बाहेर पडून पोहू लागतात. वडिलांना मी ते दाखवले, तेव्हा त्यांनी बराच वेळ डोळा काढला नाही आणि पुढच्या हंगामापासून भुरीचे व केवड्याचे औषध वहीच्या वेगवेगळ्या पानांवर लिहून ठेवायला सुरुवात केली.