लाल कर्दळ भरभरून फुलवायची असेल तर
कर्दळीला फुलं येत नाहीत म्हणून खतावर खत घालण्याआधी तिला ऊन किती मिळतंय ते बघा, निदान पाच-सहा तास थेट ऊन हवंच, नाहीतर नुसती पानंच माजतात. कंद पावसाच्या तोंडावर लावा, डोळा वर ठेवून तीन-चार इंच खोल, आणि दोन कंदांत दीड-दोन फूट अंतर सोडा कारण ही बाई पसरते जाम. पाणी भरपूर लागतं, मोरीचं पाणी जातं तिथेही मजेत वाढते.

आता खरी गोष्ट, जी बरेच जण करत नाहीत: एका दांड्यावरची सगळी फुलं आणि बाजूच्या कळ्याही संपल्या की तो दांडा सरळ जमिनीलगत कापून टाका, त्याच्यावर परत फुलं येत नाहीत, उलट कापला की खालून नवे कोंब जोरात येतात. कोवळं पान उलगडत नसेल, कडा चिकटल्यासारख्या दिसत असतील तर आत हिरवट अळी असते, पान हाताने उघडून ती काढा, मग निंबोळी तेल फवारा. दोन-तीन वर्षांनी बेट दाटलं की खणून कंद वेगळे करा आणि शेजारीपाजारी वाटा, फार सुंदर रंग आहे हो तो.