परदेशी मॉडेल इंजिनावर ‘द.म.रे.’ कसं उमटवावं

एचओ मापाचं, म्हणजे 1:87 प्रमाणाचं इंजिन घेतलं की त्याच्या अंगावर बहुधा जर्मन नाहीतर अमेरिकन रेल्वेची अक्षरं असतात. पूर्णा जंक्शनवर गाड्या बघत वाढलेल्या माणसाला ती खटकणारच. त्यासाठी सगळं इंजिन रंगवत बसायची गरज नाही. नंबर, रेल्वेची अक्षरं (आपल्याकडे ‘द.म.रे.’, म्हणजे दक्षिण मध्य रेल्वे) आणि शेडचं, म्हणजे इंजिनाची देखभाल होते त्या ठिकाणाचं नाव एवढं बदललं तरी काम भागतं.

आधी कोणतं इंजिन करायचं ते ठरवा आणि त्याचे दोन्ही बाजूंचे, दोन्ही टोकांचे फोटो जमवा. डब्ल्यूडीएम-3ए मधला डब्ल्यू ब्रॉडगेजचा, डी डिझेलचा, एम प्रवासी आणि माल दोन्ही ओढणाऱ्याचा. जुन्या पूर्णा-अकोला मीटर गेजचं इंजिन करत असाल तर सुरुवातीला वाय येतो, वायडीएम-4. इथे चूक झाली की जाणकार पाहुणा चहा पिता पिता हसतो. शेडचं नाव काजीपेट घालायचं की गुत्ती, तेही फोटोवरून ठरवा, आठवणीवरून नको.

आता माप. खऱ्या इंजिनावरचं अक्षर 20 सें.मी. उंच असेल तर मॉडेलवर ते 2.3 मि.मी. होतं. इंग्रजी अक्षरं एवढ्यात निभावतात, देवनागरीची मात्र पंचाईत होते. ‘काजीपेट’मधली वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेला चिकटून काळा ठिपका होतो. म्हणून बारीक रेघेचा, आत मोकळी जागा असलेला फॉन्ट घ्या आणि आधी साध्या कागदावर छापून बघा.

छपाईसाठी वॉटरस्लाइड डेकल पेपर लागतो. डेकल म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचा छापील पातळ पापुद्रा. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, हे बहुतेकांना पहिला कागद वाया गेल्यावर कळतं. पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढरा डेकल पेपर घ्या आणि अक्षरांभोवतीची जागा इंजिनाच्या रंगात छापा. रंग तंतोतंत जुळत नाही, पण पट्टा एका रंगात असेल तर डेकलची कड पट्ट्याच्या कडेला लपवता येते. इंकजेटवर छापलं असेल तर वर क्लिअर स्प्रेचे, म्हणजे पारदर्शक वॉर्निशचे, दोन हलके हात द्या, नाहीतर पाण्यात शाई पसरते.

जुनी अक्षरं काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतं. कापसाच्या काडीने हळूहळू चोळा, अडलं तर लाकडी टूथपिक. आधी बुडाला, न दिसणाऱ्या जागी करून बघा, कारण काही रंग अक्षरांच्याही आधी निघून येतात.

साफ केलेल्या जागी ग्लॉस क्लिअरचा हात द्या. खडबडीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि चंदेरी चकाकी दिसते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी स्प्रे मारू नका. थेंब हवेतच सुकतात आणि इंजिनावर वाळू मारल्यासारखं दिसतं. सकाळी सहा-सातची वेळ बरी. पावसाळी दमट दिवशी क्लिअर पांढुरकं पडतं, तेव्हा थांबा.

डेकल कापून कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवा, मग कागदावरून सरकवून जागेवर न्या. मराठवाड्यात एक गोष्ट सांभाळायची: बोअरचं पाणी नको. ते जड असतं आणि वाळल्यावर अक्षरांभोवती पांढरी कडा उमटते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. ओल्या ब्रशने डेकल सरळ करा, टिश्यूने पाणी टिपा. रिव्हेट किंवा जाळीवर बसवायचं असेल तर डेकल सॉफ्टनर, म्हणजे डेकल मऊ करणारं द्रव लावा. डेकल सुरकुतलेलं दिसेल, पण हात लावू नका. वाळताना ते आपोआप खाली बसतं.

एक दिवस वाळू द्या, मग मॅट क्लिअर मारा. खिडक्या आणि दिवे आधी टेपने झाका, चाकं शक्यतो सुटी करा. हवं तर सॉफ्ट पेस्टलची पूड करून मऊ ब्रशने धूळ चढवा, पण नंबरावर कमीच.

इंजिन डीसीसीवर, म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळा पत्ता देऊन चालवायच्या डिजिटल पद्धतीवर चालत असेल तर नव्या नंबराप्रमाणे पत्ताही बदला. नव्या डीकोडरचा, म्हणजे इंजिनात बसवलेल्या चिपचा पत्ता बहुधा 3 असतो. आपल्या ब्रॉडगेज इंजिनांचे नंबर पाच आकडी आणि बहुतेक कंट्रोलरवर पत्ता 9999 पर्यंतच जातो, म्हणून शेवटचे चार आकडे पत्ता म्हणून भरा.