अ‍ॅसिटल मोल्डिंग करताना फॉर्माल्डिहाइडची वाफ कामगाराच्या नाकापर्यंत पोहोचू देऊ नका

अ‍ॅसिटल (पीओएम) हे प्लास्टिक साधारणपणे 190 ते 210 अंश सेल्सिअसला मोल्ड होते. मात्र तापमान 230 च्या वर गेले किंवा मशीन थांबवूनही माल गरम बॅरलमध्येच (प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीतच) पडून राहिला, तर त्याचे विघटन होऊन डोळ्यांना झोंबणारी फॉर्माल्डिहाइडची वाफ सुटते, आणि हे रसायन माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेले आहे. त्यामुळे काम बराच वेळ थांबणार असेल तर बॅरल रिकामे करून हीटरचे तापमान कमी करावे आणि पर्जिंगचा (बॅरल रिकामे करताना बाहेर काढलेल्या मालाचा) गरम लोंदा जमिनीवर न टाकता लगेच पाण्याच्या बादलीत बुडवावा. पीव्हीसीनंतर त्याच बॅरलमध्ये अ‍ॅसिटल कधीही भरू नये, कारण पीव्हीसीच्या थोड्याशा अंशानेही विघटन भडकते.

वाफ ओढून घेणाऱ्या एक्झॉस्टचे तोंड (हुड) नोझलच्या, म्हणजे बॅरलच्या टोकाच्या, अगदी जवळ हवे, कारण अंतर दुप्पट केल्यास ओढ जवळपास चौथ्या हिश्श्यावर येते. उकाड्यामुळे ऑपरेटरच्या पाठीमागे लावलेला पंखा तर वाफ हुडबाहेर पसरवतो, म्हणून त्याची दिशा आधी तपासावी. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही. फॉर्माल्डिहाइडसाठीचे कार्ट्रिज (वाफ शोषणारी डबी) असलेलाच मास्क द्यावा.