सहा कार्डांच्या रिगसाठी एसएमपीएस घेताना

क्रिप्टो मायनिंगच्या रिगसाठी, म्हणजे सहा ग्राफिक्स कार्डं लावून क्रिप्टो कमावणाऱ्या कॉम्प्युटरसाठी, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला निघण्याआधी घरी बसून एक कागद भरून ठेवा. दुकानात उभं राहून मोबाइलवर हिशेब करायला गेलात की समोरचा म्हणणार, "हजार वॉट घेऊन जा, सगळं चालतं." गर्दी असते, उकडत असतं, आणि आपण पैसे देऊन मोकळे होतो.

आधी वॉट. तेही कार्डाच्या पूर्ण टीडीपीने (कंपनीने दिलेल्या कमाल वॉटने) धरायचे. आरटीएक्स ३०६० टीआय ट्यून करून १२०-१३० वॉटवर चालतं हे खरं, पण त्याचा टीडीपी २०० आहे. लाइट जाऊन आली आणि सेटिंग लागायच्या आत मायनर सुरू झाला, तर कार्ड तेवढी वीज ओढणारच. सहा कार्डांचे १२००, मदरबोर्ड-प्रोसेसर-पंख्यांचे १०० धरा, झाले १३००. चोवीस तास चालणाऱ्या एसएमपीएसवर ८० टक्क्यांच्या वर भार नको, म्हणजे १६००च्याही थोडं पुढे गेलो. मी म्हणेन, हजार-हजारचे दोन घ्या. एक बिघडला तरी दुसऱ्यावर तीन कार्डं चालवता येतात. खोक्यावरचा मोठा आकडा वाचू नका, लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचा. हजार वॉटच्या चांगल्या एसएमपीएसला ते ८३च्या आसपास दिसतील. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या '४५० वॉट'वाल्या डब्यांबद्दल काही बोलायचंच नाही. वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा गोल्ड की प्लॅटिनम? गोल्ड पुरे.

आता राइजर, म्हणजे कार्ड मदरबोर्डापासून लांब ठेवून जोडणारी पट्टी. यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय, कारण वॉटचा हिशेब चोख होता आणि तरीही माझ्याकडे प्लास्टिक जळाल्याचा वास आला.

मदरबोर्डावरच्या पीसीआयई स्लॉटमधून (कार्ड बसवायच्या खाचेतून) कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज घेता येते, त्यातले ६६ वॉट १२ व्होल्टच्या लाइनवरून. राइजर लावला की ही वीज मदरबोर्डाकडून येत नाही, राइजरला जोडलेल्या केबलमधून येते. निळी यूएसबी केबल फक्त डेटासाठी. आणि राइजरच्या खोक्यात फुकट काय मिळतं? साटा ते सहा-पिन केबल. साटाच्या कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीनच पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॉट. तो हार्ड डिस्कसाठी बनवलाय. ६६ वॉट ओढू शकणारी गोष्ट ५४ वॉटच्या कनेक्टरला, तीही दिवसरात्र. आधी पिन तापते, मग प्लास्टिक मऊ होतं, मग काळं पडतं. ती केबल खोक्यातून काढा आणि कचऱ्यात टाका. ड्रॉवरमध्ये ठेवू नका, रात्री अकराला एक वायर कमी पडली की हात तिथेच जातो.

'माझं कार्ड लहान आहे, त्याला वेगळी पॉवर केबलही लागत नाही,' असं म्हणत असाल तर तुमचं प्रकरण अधिक वाईट. जीटीएक्स १०५० टीआयचे बहुतेक मॉडेल सगळेच्या सगळे ७५ वॉट स्लॉटमधूनच घेतात, म्हणजे राइजरमधूनच.

तेव्हा कागदावर दुसरा रकाना कनेक्टरांचा. प्रत्येक कार्डाला एक आठ-पिन, झाले सहा. प्रत्येक राइजरला एक सहा-पिन, ते आणखी सहा. एकूण बारा, आणि सगळे थेट एसएमपीएसच्या पीसीआयई केबलवरचे. दोन आठ-पिनांचं कार्ड असेल तर त्याला दोन स्वतंत्र केबल द्या, एकाच केबलला दोन टोकं असलेली जोडशेपटी नको. आता दुकानदाराला वॉट विचारायच्या आधी विचारा, 'यात पीसीआयई कनेक्टर किती?' वॉट उरतात आणि कनेक्टर संपतात, तिथेच साटाचा मोह होतो. अगदीच कमी पडले तर मोलेक्स (जुना चार-पिनी कनेक्टर), एका केबलवर दोनच राइजर. साटा नाही. दुकानदार 'सगळे तेच लावतात' म्हणाला तरी नाही.

मॉड्युलर (सुट्या केबलींचा) एसएमपीएस असेल तर केबल त्याच्याच वापरा. दुसऱ्या कंपनीची, कधीकधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचीसुद्धा, केबल बसते बरोबर पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असतो. कार्ड जातं.

घरची वीज. १३०० वॉट आत हवे असतील तर गोल्डच्या ९० टक्क्यांनी भिंतीतून साधारण १४४० ओढले जातील, २३० व्होल्टवर सव्वासहा अँपिअर. टीव्हीशेजारचा सहा अँपिअरचा पॉइंट संपला. १६ अँपिअरचा पॉइंट लागेल, म्हणजे बहुधा एसीचा, आणि एसी कुठे लावायचा ते घरच्यांशी बोलून ठेवा. जुन्या चाळीतलं वायरिंग असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा, अर्थिंगसह. अर्थिंग नसेल तर फ्रेमला हात लावताच चिमटा बसतो. पोटमाळ्यावर रिग चढवणार असाल तर एसएमपीएसची क्षमता ४० अंशांला मोजलीय की ५० अंशांला ते बघा, मे महिन्यात फरक पडतो.

बिलही आताच मोजा. ट्यून केलेली रिगसुद्धा महिन्याला साडेसहाशे युनिट खाते. बेस्ट असो की अदानी, ५०० युनिटच्या वरचा टप्पा सर्वांत महाग. इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ला संपलं, आणि १ एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, त्यात मायनिंगच्या यंत्रांचा खर्च वजा होत नाही. हे कळूनही घेणार असाल तर घ्या.

सर्व्हर एसएमपीएस स्वस्त पडतो, पण आवाजाने शेजारी दार ठोठावतील. जुना घेऊ नका. बिल जपा, वॉरंटीत मायनिंग चालतं का ते वाचा.

जोडताना: दोन्ही एसएमपीएस भिंतीवरच्या एकाच विजेच्या बोर्डवर, ॲड-टू-पीएसयूने (दोघांना जोडणाऱ्या छोट्या सर्किटने) एकत्र सुरू होणारे. कार्ड आणि त्याचा राइजर एकाच एसएमपीएसवर. आधी एक कार्ड, मग एकेक वाढवा. तासाभराने रिग बंद करून प्रत्येक कनेक्टरला बोट लावा, चटका बसला तर ती केबल बदला. आणि पुन्हा एकदा खाली वाकून बघा, कुठे साटा राहिला नाही ना.