जीपीएस रिसीव्हरला नडणारा नॉइज: आधी शोधा, मग दाबा

जमिनीवर पोहोचेपर्यंत जीपीएस उपग्रहांचा एल१ हा मुख्य सिग्नल (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) जेमतेम उणे १३० डीबीएम (ताकदीचे एकक) उरतो. रिसीव्हरच्या स्वतःच्या नॉइजपेक्षाही, म्हणजे नको असलेल्या विद्युत खरखरीपेक्षाही, तो खाली असतो. म्हणून शेजारच्या केबलमधून झिरपणारी किंचितशी रेडिओ ऊर्जासुद्धा त्याला भारी पडते.

सुरुवात मोजण्यापासून करा. रिसीव्हर एनएमईए या ठरावीक मजकुराच्या स्वरूपात माहिती पाठवतो; त्यातल्या जीएसव्ही ओळीत प्रत्येक उपग्रहापुढे सिग्नल-नॉइजचा आकडा असतो. मोकळ्या आकाशाखाली, डोक्यावरच्या उपग्रहांना ४० ते ५० मिळायला हवेत. एकाच दिशेचे आकडे पडले असतील तर भिंत किंवा झाड आड येत आहे. सगळेच एकदम ३०-३५ ला अडकले असतील, तर संशय जवळच्या इलेक्ट्रॉनिक्सवर घ्या.

आता रिसीव्हरच्या आसपासचे कॅमेरा, यूएसबी ३.० डिस्क, एचडीएमआय केबल, डीसी-डीसी कन्व्हर्टर (व्होल्टेज बदलणारा भाग) असे एकेक बंद करत जा. दर वेळी मिनिटभर त्याच चार-पाच उपग्रहांचे आकडे लिहा. उपग्रह सरकत असतात, त्यामुळे तासाभरापूर्वीच्या आकड्यांशी तुलना करण्यात अर्थ नाही. आकडा वाढला तर तो भाग पुन्हा चालू करून पाहा. लगेच पडला, तर गुन्हेगार सापडला.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अंतर. अँटेना १०-१५ सेंटिमीटर वर उचलला तरी बऱ्याचदा काम होते. पॅच अँटेनाखाली (चपट्या अँटेनाखाली) साधारण ७ × ७ सेंटिमीटरचा धातूचा पत्रा ठेवा. रिसेप्शन सुधारते आणि खालून येणारा नॉइजही काही प्रमाणात अडतो.

तेवढ्याने भागले नाही तर नॉइजच्या उगमाला कॉपर टेप गुंडाळा, पण ती ग्राउंडला जोडायला विसरू नका. अधांतरी टेप कधीकधी स्वतःच अँटेना होऊन बसते. केबलवर चिमट्यासारखे बसणारे, नॉइज शोषणारे फेराइट सगळे सुचवतात, मात्र त्यांतले बरेचसे काहीशे मेगाहर्ट्झपर्यंतच प्रभावी असतात. १ गिगाहर्ट्झच्या वरचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) डेटाशीटमध्ये दिला असेल तरच घ्या.

जवळ ४जी मोडेम असेल तर प्रकरण वेगळे. त्याच्या जोरदार सिग्नलने अँटेनातला अँप्लिफायर गुदमरत असेल, तर अँप्लिफायरच्या आधी सॉ फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच आत सोडणारा भाग) लावा. पण ७७७-७८७ मेगाहर्ट्झवर प्रसारण करणाऱ्या मोडेमचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नकोसा सिग्नल, १५५४-१५७४ वर, म्हणजे एल१ला अगदी खेटून येतो. रिसीव्हरकडचा फिल्टर त्याला पुरेसा रोखू शकत नाही. तो मोडेमच्या बाजूनेच दाबावा लागतो.

जास्त गेनचा (सिग्नल जास्त पटीने वाढवणारा) अँटेना घेण्याचा मोह टाळा. तो सिग्नलबरोबर नॉइजही तेवढाच वाढवतो. अपवाद लांब केबलचा: आरजी-१७४ या बारीक अँटेना-केबलमध्ये या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे १ डीबीहून जास्त घट होते, तिथे अँटेनापाशीच अँप्लिफायर हवा.

शेवटची चाचणी यंत्राचा डबा बंद करून, सगळे भाग चालू ठेवूनच घ्या. झाकण बसवताना केबल सरकून अँटेनाला चिकटते, आणि टेबलावर मिळालेले ४५ पुन्हा ३२ वर येतात.